ऑलिव्हमावशीची माती

ऑलिव्हमावशी माझ्याशी पहिला शब्द बोलली तो 'दोरोबो!' हा. जपानीत दोरोबो म्हणजे चोर. तिचं काही चुकलं नव्हतं. माझ्या हातात तिच्या मळ्यातली अळूची चार पानं होती.

आम्हाला जपानला येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी तोयोसुच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम बघायचो आणि बिऱ्हाड हिगाशी-कसाईत होतं. त्या रविवारी लेकीला, ईराला, सायकल शिकवायला म्हणून जुन्या एदो नदीच्या बांधाकडे गेलो होतो. बांधाच्या अलीकडे, दोन इमारतींच्या मधे, जाळीचं कुंपण घातलेला जमिनीचा एक तुकडा होता. वाफे पाडलेले, कडेला पाण्याचं पिंप. आणि जाळीतून बाहेर डोकावणारी ही थोरली अळूची पानं. जपानी लोक अळूचे गड्डे आवडीने खातात, सुपरमार्केटात ते सोललेलेसुद्धा मिळतात. पानं मात्र कुठे म्हणजे कुठे मिळत नाहीत. दीड वर्ष मी अळूचं फदफदं खाल्लं नव्हतं. इकडेतिकडे बघितलं आणि घराच्या किल्लीने चार देठ कापले.

आरोळी ऐकून वळलो. एखादी जपानी आजी असणार अशी मनाची तयारी होती. समोर उभी होती एक उंचनिंच, काळ्या वर्णाची, साठी उलटलेली बाई. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर गवती टोपी, हातात विळा.

"पानं कशाला तोडलीस?" तिने जपानीत विचारलं.

"खायला," मी म्हटलं. जपानीत तेवढंच पटकन सुचलं.

तिने विळा खाली केला. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि इंग्रजीत म्हणाली, "काळ्या देठाची तोडलीस की हिरव्या?"

"काळ्या."

"बरं. आणि खाज कशाने घालवता तुम्ही?"

"चिंचेने."

"चिंच!" ती स्वतःशीच म्हणाली. "नानीसुद्धा चिंचच घालायची."

मग तिने कुंपणाचं दार उघडून आम्हाला आत घेतलं. ईराच्या हातात एक काकडी दिली, माझ्या हातात आणखी दहा पानं, आणि मला सांगितलं की या देशात चाळीस वर्षं राहिले, पण अळूची पानं चोरण्याएवढी अक्कल असलेला तू पहिलाच माणूस.

ती त्रिनिदादची. वेस्ट इंडीजमधलं हे बेट आपल्याला क्रिकेटमुळे ऐकून माहीत असतं. मी उत्साहाने क्रिकेटचं काढलं तर तिने हात झटकला. "त्यात मला काही कळत नाही. भाज्यांचं बोल." तिचा नवरा कोजी जपानी इंजिनियर. एका कारखान्याच्या कामासाठी तो त्रिनिदादला गेला होता, तिथे लग्न झालं, आणि ती पंचविशीत त्याच्यामागून इथे आली. एक मुलगी झाली, नाओमी. मावशीने तीस वर्षं इथल्या बालवाडीत मुलांना इंग्रजी गाणी शिकवली. कोजी गेल्यावर मुलगी म्हणाली, माझ्याकडे क्योतोला चल. मावशी गेली नाही. कारण हा तुकडा. तो तिच्या मालकीचा नव्हता. कोजीचे जुने स्नेही इशीइसान यांची ती जागा, त्यांनी तिला कसायला दिलेली.

तिच्या बेटावर सगळे तिला 'टँटी ऑलिव्ह' म्हणायचे. टँटी म्हणजे मावशी, एवढं कळल्यावर मुग्धाने, माझ्या बायकोने, त्याच दिवशी तिचं मराठीत बारसं केलं. हळूहळू आमच्या इमारतीतली सगळी मराठी घरं तिला ऑलिव्हमावशीच म्हणू लागली. जपानी शेजारी म्हणत 'ओरिबु-सान'. ती तिन्ही नावांना ओ द्यायची.

तिच्या बोलण्यात मधेच आपले शब्द यायचे, तेव्हा दचकायला व्हायचं. वांग्याला ती 'बैगन' म्हणायची, हळदीला 'हर्दी', कारल्याला 'करैली'. गवती चहाला मात्र तिचं वेगळंच नाव होतं, 'तापाचं गवत'. लहानपणी तिच्या घराशेजारी एक हिंदुस्थानी वंशाची म्हातारी राहायची. नानी ती हीच. मावशी सांगायची, "आमच्या लोकांना जहाजात कोंबून आफ्रिकेतून आणलं, उसाच्या मळ्यांत राबवायला. ती गुलामी संपली, तेव्हा मळेवाल्यांनी तुमची माणसं आणली, कराराने. तीही जहाजातूनच. दोघांचं फारसं पटायचं नाही. मतंसुद्धा वेगवेगळी टाकायचो. पण माझी आजी आणि नानी कुंपणावरून पाल्याची देवघेव करायच्या. एकीच्या नातवाला खोकला झाला की दुसरीच्या परसातली मुळी उपटली जायची."

तिच्या आजीचा डोंगरउतारावर एक तुकडा होता. मळ्यातलं काम आटोपल्यावर स्वतःच्या पोटापुरतं पिकवायला गुलामांना असे खडकाळ तुकडे देत, आणि पुढे ते घराण्यात चालत आले. त्याला त्यांच्याकडे 'गार्डन' म्हणतात. "गार्डनमधे फूल एक नसायचं," मावशी हसायची. "सगळी कंदमुळं. पण दिवसभर दुसऱ्याचा ऊस तोडल्यावर संध्याकाळी स्वतःच्या मातीत हात घालायचा म्हणजे काय, ते माझ्या आजीला विचारायला हवं होतं. डॉक्टर लोक आता सांगतात की हे मनाला बरं असतं."

मावशीला औषधी पाला कळतो अशी बातमी आमच्या इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. मीही एकदा गेलो. रिलीज जवळ आलेलं, दोन महिने ॲसिडिटीने हैराण होतो. वाटलं, एखादं पान देईल, चावून टाकू.

ती वाटाण्याच्या वेलाला सुतळी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "काल रात्री कोणाबरोबर जेवलास?"

"जेवलो... म्हणजे लॅपटॉपसमोर."

"आणि परवा?"

मी सुतळीचं दुसरं टोक हातात घेतलं.

"याच्यावर माझ्याकडे पान नाही," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी सातला ये. खताचा ढीग उलटायचाय."

मी गेलो, आणि पुढची तीन वर्षं जात राहिलो. ॲसिडिटी त्यामुळेच गेली असा दावा मी करणार नाही. पण सात वाजता फावडं मारायचं म्हणजे आदल्या रात्री वेळेवर झोपावं लागायचं, आणि मावशी पुढच्या वेळी तोच प्रश्न विचारणार म्हणून जेवायला घरी यावं लागायचं. कोणीही, कसलीही तक्रार घेऊन आलं की ती आधी हेच विचारायची, काल कोणाबरोबर जेवलास. पाला देणं वगैरे नंतर. पुष्कळदा नाहीच.

महिन्यातल्या एका रविवारी मळ्यावर तिच्या मंडळींचा मेळा भरायचा. घानाहून आलेली एक जण, तिचं केस विंचरण्या-विणण्याचं छोटं दुकान होतं. एक अमेरिकेतली शिक्षिका. ब्राझीलहून आलेली, जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात उभ्याने काम करणारी एक. सगळ्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, सगळ्या इथे एकट्यादुकट्या. चटई अंथरून, चपला काढून, पाय मातीत घालून बसायच्या. मावशी भेंडीची भाजी करून आणायची आणि दर वेळी न चुकता सांगायची की जपानी लोक जिला 'ओकुरा' म्हणतात ती भेंडी आमच्या आफ्रिकेची, नावासकट. भाजी वाढायच्या आधी पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र निघायचं. एकेकीचा दंड पुढे. आकडा वहीत. वाढलेला असला तर मावशी बोलायची नाही, नुसती भुवई वर करायची, आणि ती बाई आपण होऊन सांगायला लागायची: घरमालकाने 'परदेशी नको' म्हणून खोली नाकारली, शिफ्ट बदलली, आई तिकडे आजारी आहे. ट्रेनमधे आपल्या शेजारची जागा लोक रिकामी ठेवतात, हे त्यांच्यातलं नेहमीचं बोलणं. मावशी म्हणायची, "मी तिथे माझी पिशवी ठेवते. ऐसपैस." सगळ्या हसायच्या. मग एखादीच्या डोळ्यांत पाणीही यायचं. मी आणि मुग्धा कडेला ढीग उलटत असायचो. कोणी आम्हाला जा म्हटलं नाही, पण आपण ऐकायचं ते त्यांच्याकडे पाठ फिरवून ऐकावं एवढं आम्हाला कळत होतं.

या खताच्या ढिगावरून एकदा मोठंच प्रकरण झालं. आमच्याकडे कचऱ्याचं वर्गीकरण फार काटेकोर. स्वयंपाकघरातला ओला कचरा 'जळणारा कचरा' म्हणून आठवड्यातून दोनदा बाहेर ठेवायचा. मावशीला हे नाव ऐकलं तरी राग यायचा. "कलिंगडाचं साल जळतं का? सांग ना! पाणी आहे ते सगळं. पाणी जाळायला तेल घालतात आणि मातीला उपाशी ठेवतात." ती त्या दोन्ही सकाळी सायकलला बादल्या अडकवून घरोघर फिरायची आणि साली, देठं, चहाचा चोथा गोळा करायची. आमच्या इमारतीतल्या बायकांना ते पसंत पडलं. पण एका ऑगस्टमधे कुणीतरी बादली जिन्याखाली तशीच ठेवली आणि वास सुटला. इमारतीच्या संघाने नोटीस लावली. बादल्या बंद.

संघाच्या सभेला मावशी आमच्याबरोबर आली. अध्यक्ष ओगावासान ऐंशीच्या घरातले, ताठ. त्यांनी नियम वाचून दाखवला. मावशीने वाकून माफी मागितली, अगदी रीतसर, जपानी माणसालाही जमणार नाही इतकी खाली वाकून. मग पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यांच्यासमोर ठेवला. आत काळीभोर, भुसभुशीत माती.

"तुमच्या इमारतीचीच आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षीच्या साली. वास घेऊन बघा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ओगावासानांनी डबा उचलला. नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"आमच्या गावचा डोंगर," ते म्हणाले. "पावसानंतरचा." त्यांचं लहानपण उत्तरेकडच्या एका शेतकऱ्याच्या घरात गेलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बादल्या झाकण लावून सायकलींच्या शेडमागे ठेवायची परवानगी मिळाली. पहिल्या आठवड्यात आपली बादली स्वतः घेऊन आले ते ओगावासान.

पण मावशीचं खरं रूप मी पाहिलं ते सबनीसांच्या वेळी.

सबनीस मुंबईचे, बँकेच्या पोस्टिंगवर आलेले, आमच्याच मजल्यावर राहायचे. पन्नाशीचे. बायको-मुलं पार्ल्याला, हे एकटे. शुगर होती. मावशीकडची करैली बघून त्यांना हुरूप आला. रोज सकाळी कारल्याचा रस सुरू केला. मावशीनेच कारली दिली, हौसेने. दोन-तीन महिन्यांनी ते मळ्यावर आले ते किंचित लंगडत. मावशी म्हणाली, "बूट काढ."

"काही नाही हो, नवीन बूट चावलाय."

"काढ म्हणते ना."

मोजा काढला तर अंगठ्याखाली जखम. कडेने काळसर झालेली. सबनीसांना दुखतही नव्हतं. मावशीने खाली बसून तो पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, "गोळ्या घेतोयस ना?"

सबनीस अभिमानाने म्हणाले, "सोडल्या. रसावरच भागतंय. तुमचीच कृपा."

मावशीचा चेहरा असा झालेला मी त्याआधी किंवा नंतर कधी पाहिला नाही. तिने आवाज चढवला नाही.

"मी तुला गोळ्या सोडायला सांगितलं?"

"नाही, पण नैसर्गिक म्हणजे..."

"माझ्या आईला शुगर होती. आमच्याकडेही शुगरच म्हणतात. दवाखाना लांब, डॉक्टर गोरा, बोलायचा तुसडेपणाने. आईने त्याच्याकडे जायचं सोडलं. करैलीचा काढा प्यायची. तोच काढा मी रोज उकळून द्यायचे, चौदा वर्षांची होते मी. आधी अंगठा गेला. मग पाय गुडघ्यापर्यंत. मग आईच गेली." ती उठली. "पानाने पानाचं काम करायचं, गोळीने गोळीचं. चल."

सबनीस म्हणाले, उद्या जातो, आज क्लायंट कॉल आहे. मावशीने त्यांचा बूट काखेत मारला आणि चालू लागली. माणूस बुटाशिवाय कॉलला तरी कसा जाणार? बसमधे ती त्यांच्याशेजारी मातीने भरलेल्या बुटांतच बसली, दवाखान्यात चार तास थांबली, डॉक्टरांचं जपानी त्यांना इंग्रजीत सांगितलं आणि त्यांचं इंग्रजी डॉक्टरांना जपानीत. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. पुढे सबनीसांच्या गोळ्यांचा डबा मावशी स्वतः तपासायची, रविवारी, मास्तरणीसारखी. शिवाय एक काम लावून दिलं. संध्याकाळी एकट्याने जेवायचं नाही, कोणाच्या तरी घरी ताट घेऊन जायचं. सबनीसांचं ताट वर्षभर आमच्या मजल्यावर फिरत होतं.

आणि हीच बाई स्वतःच्या बाबतीत काय करत होती?

त्या नोव्हेंबरात ती सायकलवरून पडली. बालवाडीजवळच्या लोखंडी कठड्यावर सरळ जाऊन आदळली. "कठडा मधे आला," ती म्हणाली. मनगटाला प्लास्टर. मुग्धा तिच्या फ्लॅटवर वरणभात घेऊन गेली. दूध ठेवायला फ्रिज उघडला तर दारात डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्यांची रांग. न फोडलेल्या. एकीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची.

मुग्धाने विचारलं, "मावशी, हे काय?"

"काही नाही. थेंब आहेत. चुरचुरतात."

"कशासाठी दिलेत?"

मग मावशीने सांगितलं. काचबिंदू होता. बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं. समोरचं दिसत होतं तोवर तिने ते स्वतःपासूनही लपवलं होतं. मळ्यात तिला बघून कोणाला शंका आली नसती, कारण तिथलं प्रत्येक रोप तिच्या हाताला ओळखीचं होतं. मुग्धा मला रात्री सांगताना रडवेली झाली होती. ती मावशीला म्हणाली होती, "सबनीसांचा बूट काखेत मारून नेलंत ना तुम्ही? मग तुमचा बूट कोणी न्यायचा?"

मावशी म्हणाली होती, "डॉक्टरांच्या कागदावर मुलीचा नंबर लिहायचा असतो. नाओमीला कळलं की ती मला घेऊन जाईल. आणि हा तुकडा जाईल. तू तिला सांगू नकोस, मुग्धा. माझ्यासाठी एवढं कर."

दोन दिवस आमच्या घरात याच्यावर चर्चा झाली. मी म्हटलं, तिचं आयुष्य आहे, तिने ठरवावं. मुग्धा म्हणाली, तुझ्या आईचे डोळे असते तर? तिसऱ्या दिवशी तिने नाओमीला फोन केला. त्याच संध्याकाळच्या शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नाओमी आली.

त्यानंतर मावशी महिनाभर मुग्धाशी बोलली नाही. रस्त्यात भेटली तर मला हाक मारायची, ईराच्या डोक्यावर हात ठेवायची, मुग्धाकडे वळायचीच नाही. मुग्धाने ते सोसलं. मग एका सकाळी आमच्या दाराच्या मुठीला गवती चहाची जुडी अडकवलेली दिसली. मुळांसकट. चिठ्ठी वगैरे नाही. मुग्धाने ती कुंडीत लावली आणि दुपारी ताट घेऊन मावशीकडे गेली. दोघी काय बोलल्या ते मला दोघींनीही सांगितलं नाही. थेंब मात्र सुरू झाले. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं जरा टिकणार होतं.

तुकडा तरीही गेला. डोळ्यांमुळे नव्हे. जानेवारीत इशीइसान वारले, आणि त्यांच्या मुलाला वारसाकर भरायला ती जागा विकावी लागली. मुलगा भला होता. दोन मिठायांचे डबे घेऊन स्वतः सांगायला आला. मार्चअखेर जागा मोकळी करून द्यायची.

मावशी म्हणाली, "मातीचं काय?"

त्याला प्रश्न कळला नाही. वरची माती कंत्राटदार खणून नेणार, तो म्हणाला. इमारतीच्या पायाला ती चालत नाही.

"म्हणजे फेकणार."

"हो... म्हणजे, तसंच."

"मग मी नेली तर चालेल?"

तो गोंधळून हो म्हणाला. त्याला वाटलं असेल, म्हातारी दोन कुंड्या नेईल.

मावशीने तीस वर्षांची माती न्यायची ठरवलं. जुन्या एदोकाठची ती जमीन मुळात चिकट, राखाडी, भराव टाकलेली. सुरुवातीला तिथे मुळासुद्धा वाकडा यायचा म्हणे. वरची फूटभर काळी माती तिने साली घालूनघालून केलेली. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, आमच्या मागच्या अंगणात सिमेंट फोडून वाफे करतो, हवी तेवढी टाका. मार्चचे चारही शनिवार-रविवार आम्ही माती वाहिली. मुलांच्या बाबागाड्यांतून, सायकलच्या टोपल्यांतून. घानाच्या बाईंनी दुकानाची गाडी आणली. ओगावासान बादली घेऊन रांगेत उभे, त्यांना कोणी जड बादली देईना म्हणून रागावलेले. सबनीस त्यांची विमानप्रवासाची मोठी ट्रॉलीबॅग घेऊन आले, चार चाकांची. तिच्यात माती भरून ते फुटपाथवरून निघाले तेव्हा पोलिसाने थांबवलं. बॅग उघडायला लावली. सबनीस म्हणाले, "माती." पोलिसाने दोनदा विचारलं. मग ओगावासान मधे पडले, आणि पोलीस आमच्याबरोबर बालवाडीपर्यंत चालत आला, खात्री करायला.

मावशी स्टुलावर बसून होती. प्रत्येक बादली तिच्यापुढून जायची. ती हात घालून बघायची. "ही वालाखालची. वर पसरा. ही पिंपाजवळची, ओली आहे, आज वाळू द्या." गांडूळ लागलं की हसायची. मला वाटत होतं, फार सोसतेय ही. शेवटच्या रविवारी मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

ती म्हणाली, "माझ्या आजीच्या तुकड्यातून सरकारने रस्ता काढला. आजी त्या दिवशी घरात बसून राहिली. दार लावून. आम्हाला वाटलं, एवढं काय, डोंगरावरची चार ढेकळं." तिने हातातलं ढेकूळ चुरलं. "तिला दोन बादल्या जरी कोणी आणून दिल्या असत्या ना, मंदार."

मी म्हटलं, "तुम्ही थोडी न्या ना बरोबर. क्योतोला."

"नको. तिथे आहे माती. भुकेली असणार. बघते."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाओमी तिला घेऊन गेली. तो तुकडा आता दिसत नाही, तिथे पाच मजल्यांची इमारत आहे. बालवाडीच्या अंगणात मुलं त्या उन्हाळ्यात टोमॅटो लावत होती. ईरा मला तिथून जाताना जपानीत सांगायची की ही आपली माती आहे, बाबा.

दीड वर्षाने ऑफिसच्या कामासाठी मला क्योतोला जावं लागलं. दुपारी मोकळा झालो आणि नाओमीच्या घरी गेलो. मावशी वाळली होती. हातात पांढरी काठी आली होती. मी दारात पाऊल टाकल्याबरोबर तिने मला ओळखलं, आवाज न ऐकताच. म्हणाली, "अजून टाचा घासत चालतोस." मग विचारलं, काल कोणाबरोबर जेवलास. मी खरं ते सांगितलं, की हॉटेलात एकटा. तिने आत जाऊन माझ्यासाठी भात वाढला आणि माझ्यासमोर बसली. जेवताना सांगत होती, तिला म्हाताऱ्यांच्या दिवसभराच्या केंद्रात पाठवतात, तिथे फुगे उडवायला लावतात. "फुगे! मी शिक्षिका होते. मला फुगे उडवायला लावतात." नाओमी शेजारच्या खोलीतून हसत होती.

मी निघालो तर तीही उठली. तिचीही बसची वेळ झाली होती. दर गुरुवारी ती एकटी जायची, आणि नाओमीने सोबत यायचं नाही असा तह झालेला होता. बसस्टॉपवर मी विचारलं, कुठे निघालात?

"विद्यापीठातली एक मुलगी आहे. सेनेगलची. पीएचडी करते. तिला वीस दिवसांपूर्वी बाळ झालं. आई येऊ शकली नाही, व्हिसा मिळाला नाही. नवरा दिवसभर प्रयोगशाळेत. बाळाला तेल कोणी लावायचं? अंघोळ कोणी घालायची?" तिने काठी बगलेत धरून दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडे केले. "याला कुठे डोळे लागतात?"

"नाव काय ठेवलं बाळाचं?"

"ठरतंय. मी त्यांना म्हटलं, घाई करू नका. आधी त्याचं अंग तर सुधारू दे."

पुढच्या फेब्रुवारीत नाओमीचा मेसेज आला. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही. मुग्धा तेव्हा स्वयंपाकघरात होती. मी मोबाईल तिच्यासमोर धरला, तिने वाचलं, आणि गॅस बंद करून खाली बसली. मी तिच्याशेजारी बसलो.

मला मावशी शेवटची दिसली ती त्या गुरुवारी. बस आली. क्योतोच्या बसला मागच्या दाराने चढायचं असतं. मी हात धरायला गेलो तर तिने काठीने माझ्या नडगीवर हलकेच टोचलं. काठीनेच पायरी चाचपून ती वर चढली. एका विद्यार्थ्याने उठून जागा दिली, ती खिडकीशी बसली. तिचं उतरायचं ठिकाण अजून सात-आठ थांबे पुढे होतं. पण बस हलली तेव्हा तिने स्वेटरच्या बाह्या वर सारायला सुरुवात केली होती. आधी डावी, मग उजवी, कोपरापर्यंत, नीट दुमडून.